आधी झोप, मग अभ्यास



एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. सकाळी सहाला मुलेमुली पुस्तके घेऊन बसतात ती मध्यरात्री उठतात. उपक्रम चांगला आहे. बाबासाहेबांना अभिवादन करायचे तर कानठळ्या बसवणारा डीजे लावण्यापेक्षा पुस्तक उघडणे केव्हाही बरे. पण हा एका दिवसाचा उपक्रम आहे, वर्षभराचा नियम नव्हे. दहावी-बारावीचे मूल असलेल्या घरात मात्र तो नियम होऊन बसतो. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला आठ तास झोपायला लागतं?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की, आज त्याच्यावरच लिहायचे ठरवले.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगी येते. अकरावी कॉमर्सला आहे. तिची आई एकदा मला म्हणाली, "भाऊ, पोरगी पुस्तक हातात घेतलं की पेंगते. नुसती आळशी झालीय. तुम्हीच दोन शब्द सांगा." मी दोन शब्द सांगितले नाहीत. त्या मुलीला एक कोरा कागद दिला आणि कालच्या दिवसाचा हिशेब लिहायला सांगितले, चोवीस तासांचा, एक मिनिटही न सोडता.

हिशेब असा निघाला. नळाला पाणी पाचला येते, म्हणून पावणेपाचला उठणे. पिंप, हंडे, बादल्या भरून पावणेसहा. सव्वासहाला घराबाहेर, सातचे कॉलेज, एकला घरी. आई चार घरची धुणीभांडी करून अडीच-तीनला येते, त्यामुळे डाळभात, कपडे, भांडी, केर हे सगळे साडेतीनपर्यंत हिच्याकडे. चार ते सात क्लास. साडेसातपासून पुन्हा चपात्या, जेवण, भांडी, की वाजले दहा. दहा ते साडेअकरा अभ्यास. त्यानंतर अंथरुणात तासभर मोबाईल. साडेबाराला झोप आणि पुन्हा पावणेपाचला पाणी. म्हणजे झोप सव्वाचार तास आणि घरकाम साडेपाच तास! तिचा भाऊ नववीला आहे, शाळा दुपारची. तो सकाळी आठला उठतो. त्याच्या कागदावर घरकामाच्या रकान्यात काहीच नव्हते. "दळण आणतो की मी," असे म्हणाला. ते पंधरा दिवसांतून एकदा.

आता सांगा, ही मुलगी आळशी आहे काय?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. हे लाडाचे आकडे नाहीत. या वयात हाडे वाढतात, शरीर बदलते आणि मेंदूचीही बांधणी चालू असते. दिवसभर वाचलेले, ऐकलेले मेंदू झोपेतच जागच्या जागी लावून ठेवतो. पाठांतर करून पुरेसे झोपलेल्या मुलाला सकाळी जे आठवते ते रात्रभर जागलेल्याला आठवत नाही, हे पुष्कळ वेळा तपासून पाहिलेले आहे. तेव्हा झोप काढून अभ्यासाला वेळ देणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घेतली पाहिजे. वयात आले की शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते. झोप आणणारा जो रस मेंदूत पाझरतो, तो मोठ्या माणसांपेक्षा आणि लहान मुलांपेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरू लागतो. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला नऊ वाजता अंथरुणावर घातले तरी डोळा लागत नाही, आणि सकाळी सहाला हलवले तरी जाग येत नाही. यात उद्धटपणा नाही आणि आळसही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात याच कारणासाठी २०१९ साली कायदा झाला आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुले साडेआठच्या आत भरत नाहीत. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असे काढले, पण ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. अकरावी-बारावीचे पोर सातच्या घंटेला धावतेच आहे. सकाळच्या कॉलेजला मी नावे ठेवत नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा तिथले वर्ग मुद्दाम सकाळी ठेवले होते, नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून. त्या वर्गांनी किती घरे वर काढली! पण सकाळचे कॉलेज असेल तर रात्र लवकर संपली पाहिजे. ती कशी संपवायची, एवढाच प्रश्न आहे.

आता बाबासाहेबांच्या अभ्यासाकडे येऊ. अठरा तास सगळ्यांना पाठ आहेत. परळच्या चाळीतली ती एक खोली मात्र आपण विसरतो. त्या एकाच खोलीत स्वयंपाक, सरपण, जाते, घरातली सगळी माणसे, शिवाय बांधलेली शेळी. पोराला अभ्यासाला ना जागा ना शांतता. सुभेदार रामजींनी काय केले? भीमाला रात्री लवकर झोपवले. स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहिले. दोनला मुलाला उठवले, आणि मगच स्वतः अंग टाकले. सगळी चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या दिव्यावर पोरगा अभ्यास करी. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

यातली झोप पुरेशी होती, असे मी म्हणणार नाही. त्या परिस्थितीत जेवढे जमले तेवढे त्यांनी केले. पण या गोष्टीत जागणारा कोण आहे ते पाहा. मुलाची झोप आधी झाली, जागरण बापाने केले. घर लहान होते, तर घराचे वेळापत्रक मुलाच्या अभ्यासाभोवती बसवले. आपण उलटे करतो. टीव्हीवरची मालिका साडेदहापर्यंत चालणार, पाहुणे अकरापर्यंत बोलत बसणार, बाप फोनवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघणार, आणि पोराला म्हणणार, बाबासाहेबांसारखा अभ्यास कर. रामजी व्हायला कोणी तयार नाही, भीम मात्र प्रत्येकाला घरात हवा आहे.

वरळीला बीडीडी चाळींजवळ एक रस्ता आहे. त्याला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणतात. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत जागा नाही म्हणून कित्येक पिढ्यांच्या पोरांनी तिथे रस्त्याच्या दिव्याखाली परीक्षा दिल्या. त्या पोरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण गल्लीत मुली किती रात्रीपर्यंत बसू शकतात? हा प्रश्न कोणी सहसा विचारत नाही. मुलीला अभ्यासाची जागा घरातच किंवा घराजवळच लागते. म्हणून ज्या विहारात, समाजमंदिरात, बालवाडीच्या खोलीत संध्याकाळी कुलूप असते, तिथे सात ते नऊ दिवा लावून द्या. त्याला देणगी लागत नाही. किल्ली सांभाळणारा एक माणूस लागतो.

त्या मुलीच्या घरी आम्ही बसलो. आई, बाप, भाऊ, ती आणि मी. बाप कंत्राटी सफाई कामगार, बोलायला कमी. कागद त्यांच्या हातात दिला. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढं काम करते ही?" त्यांना खरेच माहीत नव्हते. वाद थोडा झाला. आईचे म्हणणे, मुलीच्या जातीला काम यायलाच पाहिजे. मी म्हटले, मावशी, तिला काम येते हे तर कागदावरच दिसतेय, आता भावाला येऊ द्या! शेवटी ठरले ते असे. पाणी भाऊ भरणार. रात्रीची भांडी बाप आणि भाऊ मिळून. चपात्या आई करणार. मुलगी क्लासवरून सरळ अभ्यासिकेत येणार आणि साडेसात ते नऊ तिथेच बसणार. दहा वाजता टीव्ही बंद. साडेदहाला घरातले सगळे फोन फळीवर, बापाचासुद्धा. पावणेअकराला झोप, साडेपाचला उठणे. पावणेसात तास झाले. अभ्यास होता तेवढाच, दीड तास, पण आता डोळे उघडे ठेवून. दुपारी घरी आल्यावर वीस मिनिटे आडवे व्हायचे, त्याला कोणी लोळणे म्हणायचे नाही, हेही ठरले. भाऊ पहिले आठ दिवस कुरकुरला. आता तोच शेजारच्या म्हातारीची बादलीही भरून देतो. अजून आठ तास झालेले नाहीत, आणि पाणी साताला येऊ लागेपर्यंत होणारही नाहीत. त्यासाठी नगरसेवकाकडे अर्ज दिला आहे.

झोप वाढली तरी तिचा थकवा पुरता गेला नाही. जिना चढली की धाप लागे. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.२ निघाले. मुलींचे १२ च्या खाली गेले म्हणजे रक्त कमी समजतात. हे एका घराचे दुखणे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळले, आणि मुलांमध्ये ३१. म्हणजे शंभरातली एकतीस मुलेही! रक्त कमी असेल तर मेंदूला प्राणवायू कमी पोचतो, मन लागत नाही, चिडचिड होते. आपण त्याला नाव देतो, 'पोरगी फार तिरसट झालीय'.

यावर सरकारी उपाय आहे आणि तो फुकट आहे. शाळेतून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. शाळा सुटलेल्या मुलींसाठी ती अंगणवाडीत असते. जंताची गोळी वर्षातून दोनदा. पुष्कळ मुली ही निळी गोळी खिडकीतून फेकतात, कारण मळमळते आणि शौच काळी होते. काळी शौच म्हणजे अपाय नव्हे. गोळी जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको, आणि तिच्यावर चहा पिऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय आपल्या घरांत फार आहे, चहा-चपाती हाच कित्येकांचा नाश्ता. ती दीड तास तरी मागेपुढे करा. लिंबू, पेरू, आवळा यांनी लोह चांगले लागते, म्हणून डाळीवर लिंबू पिळा. पालेभाजी, चवळी, मटकी, हरभरा हे तर हवेच. मांसाहार करणाऱ्यांनी महिन्यातून दोनतीनदा कलेजी आणावी आणि मुलीच्या ताटात आधी वाढावी. आपल्याकडे चांगला तुकडा बापाला आणि भावाला जातो, आईला आणि मुलीला रस्सा राहतो. रक्त ९ च्या आसपास असेल तर मात्र घरगुती उपायावर थांबू नका, आठवड्याची गोळी पुरत नाही, डॉक्टर सांगतील तसा रोजचा डोस घ्यावा लागतो.

मुलांचा वेगळा प्रकार आहे. बारावी झालेला किंवा होऊ घातलेला पोरगा पोलीस भरतीच्या मागे असतो. पहाटे साडेचारला उठून हायवेच्या कडेला सोळाशे मीटर पळायचे, दिवसा पार्सल वाटायचे किंवा मंडपाच्या कामाला जायचे, रात्री गणित-बुद्धिमत्ता. मेहनतीला तोड नाही. पण पहाटेच्या काळोखात हायवेवर पळू नका. गाडीवाल्याला दिसत नाही. शाळेचे मैदान उघडून मागा, दहा पोरे मिळून गेलात तर मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. आणि जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून दोन-तीन हजारांच्या पावडरीचा डबा आणू नका. इंजेक्शनाला तर हातच लावू नका. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यात सात. भिजवलेले हरभरे, दोन अंडी, दाणे, सुकटीची चटणी आणि भाकरी एवढ्यावर शरीर चांगले होते. आठवड्यातला एक दिवस पळणे बंद. स्नायू विश्रांतीत भरतात, पळताना नव्हे.

टपरीवर वीस रुपयांना रंगीत 'एनर्जी'ची बाटली मिळते. मुले ती जागरणासाठी पितात. तिच्या लेबलावर बारीक अक्षरात लिहिलेले असते की हे लहान मुलांसाठी नाही. तिच्यातली आणि चहातली उत्तेजक वस्तू एकच, कॅफीन. ती पोटात गेली की पाच-सहा तासांनीही निम्मी अंगात असते. म्हणून रात्री नवाचा कडक चहा अभ्यासाला नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेंगण्याला उपयोगी पडतो. ताकद कशाने येत असेल तर जेवणाने आणि झोपेने, हे त्या टपरीवर कोणी सांगणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रोज तासभर अंग हलवावे. मुलगे क्रिकेट खेळतात, त्यांचे भागते. मुलगी आठवीत गेली की तिचे खेळणे बंद होते आणि त्याच वर्षी घरकाम वाढते. "काम करते तोच व्यायाम," असे बायाच म्हणतात. नाही हो! वाकून भांडी घासणे आणि मैत्रिणींबरोबर कबड्डी खेळणे एक नाही. हसण्याचा भाग त्यात कुठे आला?

मन लागत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. माझा अनुभव असा की, पाचातल्या तिघांचे मन झोप, जेवण आणि घरातली बोलणी सुधारली की लागते. घरातली बोलणी म्हणजे तुलना. 'त्याच्या पोराला नव्वद पडले.' त्याच्या पोराला वेगळी खोली आहे, हे सांगायचे राहते! टक्का विचारण्याऐवजी आज काय समजले ते विचारा. आईबाप शिकलेले नसले तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर देताना मुलाची उजळणी होते. आणि मुलामुलींनो, दिवसाचे काम छोटे ठेवा. 'आज अकाउंट्स करणार' असे नका लिहू, 'आज घसाऱ्याची चार गणिते' असे लिहा. चार झाली की वही मिटा. वही मिटायचा अधिकार स्वतःला दिला नाही तर ती उघडावीशी वाटत नाही.

पण काही मुलांचे एवढ्याने भागत नाही. दोन-दोन आठवडे मूल कोणाशी बोलत नसेल, जेवत नसेल, आवडीचे सगळे सोडून बसले असेल, 'माझा काय उपयोग' किंवा 'मी नसलेलाच बरा' असे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका आणि बाहेरची बाधाही समजू नका. त्याला एकटे ठेवू नका, सरळ विचारा, ऐकून घ्या आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. २०२२ मध्ये सुरू झाला, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. मुले स्वतःही लावू शकतात, आईबापाची परवानगी लागत नाही. निकालाच्या दिवशी नापास मूल घरी आले तर आधी ताट वाढा. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, तिचे बोलणे दुसऱ्या दिवशी.

येत्या रविवारी जेवणे झाल्यावर घरात एक कागद घ्या आणि प्रत्येकाचे चोवीस तास लिहा. आईचेही लिहा, ते कोणी कधी लिहिलेले नाहीत. मुलांच्या रकान्यात झोपेचा आकडा पहिल्या ओळीत घ्या आणि बाकीची कामे उरलेल्या तासांत बसवा. बसली नाहीत तर ती दुसऱ्या कोणाच्या रकान्यात जातात का ते पाहा. कागद भिंतीला लावा. ज्यांच्याकडे पाणी पहाटे येते त्यांनी त्याची वेळ लिहून मला पाठवावी. अर्जाला जोडायला सगळ्या वस्तीची यादी करतो आहे.